हलकं काम

(पदवीधर विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय आहे ‘वृद्धांचं काम, आरोग्य आणि सामाजिक सहभाग’. पोस्टर पाहून एक मैत्रीण म्हणाली, हे पोरापोरींना कशाला ऐकवतेस, त्यांना नेट-सेटचं काहीतरी सांग. तिचंही खरं आहे. इथं तिशी ओलांडलेलं फारसं कुणी दिसत नाही. तरी एक करा. ज्यांच्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे आणि ते आज सकाळी कामाला गेलं असेल, त्यांनी हात वर करा. बघा. मागच्या दोन रांगा तर सगळ्याच्या सगळ्या. आता ज्यांच्या घरात निवृत्त झालेलं, म्हणजे दर महिन्याला पेन्शन येणारं माणूस आहे, त्यांनी करा. तीन. चला, विषय तिथंच सुरू झाला.

माझं पीएचडीचं काम मराठवाड्यातल्या चार गावांत चालू आहे. साठी ओलांडलेले शेतमजूर आणि ऊसतोड करून परतलेली माणसं, बहुतेक बौद्ध आणि मातंग वस्त्यांतली. पहिल्याच आठवड्यात एका आजीकडे फॉर्म घेऊन गेले. विचारलं, “आजी, तुम्ही सध्या काही काम करता का?” (फॉर्मात ‘तुम्ही’ होतं म्हणून तुम्ही. नाहीतर आजीला कुणी तुम्ही म्हणतं का!) आजी म्हणाली, “आता कुठं गं माय. बसून खाते.” मी ‘नाही’वर खूण केली. आजीच्या मांडीवर सूप होतं आणि ती तूर निवडत होती. तेवढ्यात दारावरून जाताना एक बाई ओरडली, “म्हातारे, उद्या येतीस का खुरपायला?” आजी म्हणाली, “येते की.” मी फॉर्मकडे बघितलं, आजीकडे बघितलं. म्हटलं, आजी, तू तर काम करत नाही म्हणालीस. तर ती हसली. “ते काय काम हाय व्हय? ते हलकं काम. काम म्हंजे ऊस तोडायचा, मोळी उचलायची.”

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मानगुटीवर बसला आहे. हलकं. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. वजनाला कमी ते हलकं. आणि मान नसलेलं तेही हलकं. ‘हलक्या जातीचा’ हा शब्दप्रयोग आपल्या आजोबा-पणजोबांनी कानांनी ऐकलेला आहे. आजीने पहिल्या अर्थाने वापरला. पण गावात तिचा रोज ठरवताना दुसरा अर्थ लागू होतो. तरण्या बायांपेक्षा तिला पन्नास रुपये कमी. पात सारखीच, ऊन सारखंच, वेळही सारखीच.

चारही गावांत मी विचारत गेले, तेव्हा लक्षात आलं की आपल्या माणसांच्या आयुष्यात निवृत्ती नावाचा टप्पा येत नाही. येतं ते हलकं काम. बाई ऊसतोडीतून खुरपणीवर येते, खुरपणीतून कापूस वेचणीवर, मग शेळ्यांमागे, आणि शेवटी नातवंडांमागे. पुरुष बिगारीतून वॉचमन होतो. प्रत्येक पायरीला पैसा कमी होतो आणि कामाचे तास तेवढेच राहतात, कधी वाढतातही. शेवटच्या पायरीवर पैसा शून्य होतो आणि काम चोवीस तास. दिवाळीच्या आसपास जोडपी कारखान्याला जातात. उचल जोडप्याला मिळते, त्याला ‘एक कोयता’ म्हणतात. कोयता निघाला की मागं राहते आजी, तीन-चार नातवंडं, एखादी शेळी आणि शाळेची वेळ. ती पाच-सहा महिने हे घर ओढते म्हणून कोयता सुटतो, आणि कोयते सुटतात म्हणून कारखाना पेटतो. साखरेच्या हिशोबात मुकादमाचं कमिशन असतं, वाहतूक असते. या बाईचा एक रुपया नसतो. आणि तिला विचाराल तर ती बसून खाते.

आता यातून आकडे कसे तयार होतात ते बघा, कारण तुमच्यापैकी बरेच जण उद्या संशोधनात येणार आहात.

आपल्या देशात वार्धक्यावरचं सगळ्यात मोठं सर्वेक्षण म्हणजे ‘लासी’. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेलं. पहिली फेरी २०१७-१८ ची, ४५ वर्षांपुढची ७२ हजारांहून जास्त माणसं. मोठं काम आहे, मीही रोज वापरते, त्याला नावं ठेवायला उभी नाही. पण अशा कुठल्याही सर्वेक्षणाचं काम एका प्रश्नावर अडतं, की तुम्ही काम करता का, कधी केलंय का. आणि आपली आजी ‘नाही’ म्हणते. तरीसुद्धा त्या आकड्यांत साठीपुढच्या दर तिघांपैकी किमान एक जण काम करताना दिसतो. हे ‘नाही’ म्हणणाऱ्यांना वगळून.

पुढची गोची याहून मोठी आहे. कुठलाही असा तक्ता काढा, काम करणारे म्हातारे काम न करणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात. लगेच बातमी येते, ‘काम करत राहा, निरोगी राहा’. अरे, पण उलटं बघा ना. ज्याचा गुडघा गेला, ज्याचा दम लागतो, ज्याला दिसत नाही, तो कामातून बाहेर पडला. मागे उरले ते त्यातल्या त्यात धडधाकट. कामाने त्यांना निरोगी ठेवलं असं नाही, आजाऱ्यांना कामाने आधीच गाळून टाकलं. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात, तरी दरवर्षी ही बातमी छापून येते.

शिवाय ‘निरोगी’ कुणी ठरवलं? फॉर्मात विचारतात, तुमची तब्येत कशी आहे. खूप चांगली, चांगली, बरी, वाईट. अमर्त्य सेन यांनी एक जुनं उदाहरण वारंवार दिलं आहे. १९४४ मध्ये, बंगालच्या दुष्काळानंतर, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये एक आरोग्य पाहणी झाली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी सांगितलं की आमची तब्येत बरी नाही किंवा यथातथा आहे. विधवांपैकी किती जणींनी सांगितलं? २.५ टक्के. त्या काळातल्या बंगालमधली विधवा, एकवेळ जेवणारी, ती पुरुषांच्या वीसपट ठणठणीत होती? तिला आपली तब्येत ही विचारण्याजोगी गोष्ट आहे, हेच कुणी कधी जाणवू दिलं नव्हतं. माझ्या गावांतल्या एका मावशीने मला ८० वर्षांनंतर तेच उत्तर दिलं, फक्त जास्त सरळ शब्दांत. “दुखतं सगळंच. पण दुखतंय म्हणलं तर रोज बुडतो. मग दुखत न्हाई.” मी खूण कुठं करायची, सांगा.

हे मी तुम्हाला पद्धतीशास्त्र शिकवायला सांगत नाहीये. यामागे आपला इतिहास आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं. महारकीबद्दल त्यांचं गाऱ्हाणं काय होतं? या चाकरीला वेळेचं बंधन नाही. बोलावलं की जायचं, रात्री-अपरात्री. आणि नेमलेला माणूस घरात नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला जुंपायचं. म्हणजे नोकरी माणसाची नव्हतीच, घराची होती. अशा व्यवस्थेत म्हातारा झालो म्हणून सुटलो, असं कुणी कसं म्हणणार? वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. आज जी माणसं सत्तर-पंचाहत्तरची आहेत त्यांनी लहानपणी घरात ते पाहिलेलं आहे. त्यांना ‘तुमचं निवृत्तीचं नियोजन काय’ असं विचारणं म्हणजे चेष्टा आहे.

वयावर येते. ते सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथंच सगळ्यात जास्त घोळ आहे.

त्याच खुरपायला जाणाऱ्या आजीचं आधार कार्ड मी बघितलं. जन्मवर्ष १९६२. पूर्ण तारीखही नाही, नुसतं वर्ष. म्हटलं, आजी, तू साठीचीच आहेस की. ती म्हणाली, “नागपूरला दीक्षा झाली तवा मी आईच्या कडेवर व्हते. आई सांगायची, तुला घेऊन निघायचं व्हतं, तुझा बाप न्हाई म्हणला.” दीक्षा १९५६. म्हणजे तिचा जन्म १९५४-५५ च्या आसपासचा, वय सत्तर. कार्डावर सात-आठ वर्षं गायब. का? नोंदणीच्या वेळी मशीनवर बसलेल्या पोराने चेहरा बघून अंदाजाने टाकलं. आपल्यात ज्यांच्या आईवडिलांनी शाळेचं तोंड पाहिलं त्यांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी तो टाकला. ज्यांनी शाळाच पाहिली नाही, त्यांचं वर्ष ऑपरेटरने टाकलं.

आता श्रावणबाळ योजनेचं वय ६५. आजीने तहसीलला दोन खेपा घातल्या. कार्डावर बसत नाही म्हणून परत पाठवलं. आणि यातली गंमत ऐका. जुलै २०२४ पासून तिला लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये मिळतात, कारण ती योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. सत्तरीची बाई कागदावर म्हातारी होऊ शकली नाही, म्हणून सरकारची बहीण झाली. ती हे सगळ्या गल्लीला हसून सांगते. तिच्या नवऱ्याच्या कार्डावरही वर्ष असंच चुकलेलं आहे, पण भावासाठी योजना नाही, त्यामुळे तो शेळ्या राखतो.

कार्डावर वय बरोबर असतं, तरी ६५ हा आकडा सगळ्यांना सारखा आहे का? २०२२ मध्ये आशिष गुप्ता, संगीता व्यास, पायल हाथी यांचा एक निबंध आला, उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा, आसाम अशा नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवर. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी, दलितांचं तीन वर्षांहून जास्त कमी, मुस्लिमांचं सुमारे एक वर्ष कमी. आणि हा सगळा फरक नुसत्या गरिबीने भरून निघत नाही, तेही त्यांनी दाखवलं. (सोशल मीडियावर ‘दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४ वर्षं आधी मरते’ असं एक वाक्य फिरतं. तो आकडा मरण पावलेल्यांच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नाही. दोन्ही वेगळे. कृपया पोस्टरवर लिहू नका, समोरचा तेवढ्यावरून अख्खा मुद्दा उडवून लावतो. तीन-चार वर्षांचा आकडा पुरेसा भयंकर आहे.) म्हणजे पेन्शनचं वय जितकं वर, तितकी आपली माणसं त्या रेषेच्या अलीकडेच गळणार. आणि जी पोचतात त्यांचं शरीर कधीच पोचलेलं असतं. डोक्यावर चाळीस वर्षं मोळ्या वाहिलेल्या माणसाची साठी आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाची साठी एकाच फूटपट्टीने मोजतात.

रेषेपर्यंत पोचलो, तर मिळतं काय? केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १९९५ साली सुरू झाली, ७५ रुपयांनी. पुढे २०० झाली. ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा आजही २०० आहे, ८० नंतर ५००. त्यात राज्यं भर घालतात. आंध्रात जुलै २०२४ पासून ४००० मिळतात. महाराष्ट्रात १५००. बिहारमध्ये ४०० होते, जुलै २०२५ पासून ११०० झाले. इथं वेगवेगळ्या राज्यांतून आलेली मुलं आहेत, आपापसांत विचारून बघा, तुमच्या आजीचा भाव किती. महाराष्ट्रात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. रोजाचे ५८ रुपये, अख्ख्या घराचे. खरा दाखला द्यायचा तर पेन्शन नाही, आणि पेन्शन घ्यायची तर तलाठ्यापासून सगळ्यांनी मिळून खोटं लिहायचं. मग त्याच खोटेपणाची भीती घालून म्हाताऱ्यांना आयुष्यभर मिंधं ठेवायचं.

कष्टकऱ्यांसाठी नव्या योजना आहेत, असं कुणीतरी म्हणेल. आहेत. २०१५ ची अटल पेन्शन आणि २०१९ ची श्रमयोगी मानधन. दोन्हींत शिरायचं वय १८ ते ४०. म्हणजे तेव्हा जे चाळिशीपुढे होते त्यांना दार बंद.

मी माझ्या घरचं सांगते, म्हणजे दुसऱ्याच्या आजीवर बोलते असं वाटायला नको.

बाबा ६१ चे आहेत. सतराव्या वर्षापासून सेंट्रिंगवर होते, स्लॅब भरायला. कमरेचा मणका सरकल्यावर ते बंद झालं, तेव्हापासून पुण्यात एका सोसायटीत वॉचमन. बारा तासांची ड्युटी, बहुतेक रात्रपाळी. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला किमान दहा वर्षांची नोंदलेली नोकरी लागते, आणि ५८ नंतर त्यात शिरता येत नाही. बाबांनी चाळीस वर्षांहून जास्त काम केलं. नोंद एकाही वर्षाची नाही.

त्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिक संघ आहे. सकाळी सहाला बागेत हास्यक्लब भरतो. बँकेतून, विद्युत मंडळातून, कॉलेजांतून निवृत्त झालेली मंडळी, बाबांच्याच वयाची, काही तर लहान. ते गोल करून हसतात तेव्हा बाबांची रात्रपाळी संपत आलेली असते. एकदा त्यातल्या एका गृहस्थांनी बाबांना म्हटलं, “तुमचं बरं आहे हो काका, ॲक्टिव्ह राहता. आम्ही रिटायर होऊन गंजलो.” माणूस वाईट नव्हता, आपुलकीनेच बोलला. वयाने मोठा असून बाबांना काका म्हणत होता. त्याला फक्त ठाऊक नव्हतं की हे ‘ॲक्टिव्ह’ राहणं बंद झालं तर आमची खोली बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ‘सक्रिय वार्धक्य’ अशी एक मांडणी केली. तिचे तीन खांब होते: आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता. आपल्याकडच्या भाषणांत, जाहिरातींत पहिले दोन राहिले. तिसरा कुठे गळाला, माहीत नाही. सुरक्षितता काढून घेतली की उरलेल्या सक्रियतेला आपल्या भाषेत वेठ म्हणतात.

सहभागाचंही तसंच. फॉर्मात विचारतात, तुम्ही एखाद्या क्लबचे, संघाचे सदस्य आहात का, बागेत फिरायला जाता का. मराठीत म्हातारपणाचं ठरलेलं चित्र काय आहे? पारावर बसलेले म्हातारे. शाळेच्या पुस्तकांपासून सगळीकडे हा पार आहे. पण पारावर कोण बसतं? मी चारही गावांत पाहिलं. आपल्या वस्तीतले म्हातारे गावच्या पारावर जात नाहीत. आता कुणी उठवत नाही, असं ते सांगतात. “पण सवय न्हाई,” म्हणतात. ‘सवय नाही’ या उत्तराला फॉर्मात चौकोन नाही.

आणि आपली माणसं जिथं असतात, तिथं प्रश्नच पोचत नाही. वर्षावासात संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला जातो. एका विहारात सातवीतली मुलगी वाचत होती आणि समोर पंधरा-वीस म्हाताऱ्या बाया, एकीलाही अक्षर येत नाही. पोरगी कुठं अडखळली तर त्यांतली एक पुढचा शब्द सांगायची. किती वर्षं ऐकत असेल! सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्या गर्दीत सत्तरीच्या बायका बघा, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन अनारक्षित डब्यातून आलेल्या. वस्तीत मयत झालं की सगळ्यात आधी पोचतात त्या याच. बचत गटाची वही ज्यांच्या सांगण्यावर चालते त्याही याच. हा सहभाग नाही तर काय आहे? पण फॉर्मात त्यांच्या नावापुढं ‘सहभाग कमी’ असं येतं, आणि मग कुणीतरी त्यांच्यासाठी विरंगुळा केंद्राची शिफारस करतं. केंद्र होतं, पाराजवळ.

एक गोष्ट मला जरा थांबून बोलायची आहे, कारण ती तुमच्या पदवीशी थेट जोडलेली आहे. मुंबईतल्या सफाई कामगारांच्या वसाहतीत माझा एक जुना वर्गमित्र राहतो. एम.कॉम. आहे. वडील महापालिकेत सफाई कामगार. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळण्याची तरतूद आहे. तुमच्यातल्या काही जणांच्या घराला या तरतुदीने तारलं असेल, म्हणून मी तोंड सांभाळून बोलते. लढून मिळवलेला हक्क आहे तो. ज्या कामाने फुप्फुसं खाल्ली, त्या कामाने निदान घराला वाऱ्यावर सोडू नये, एवढी साधी त्यामागची गोष्ट. पण तिचा व्यवहार बघा. वडील निवृत्त झाले की सेवानिवासाची खोली सोडावी लागते. मुलाने झाडू हातात घेतला तर खोली राहते. म्हणजे आईवडिलांना म्हातारपणी छप्पर हवं असेल तर त्याची किंमत मुलाची एम.कॉम. माझ्या मित्राने ती दिली. २०१९ पासून तो सकाळी साडेसहाला हजेरी चौकीवर असतो. भेटला तेव्हा म्हणाला, “जातीला पेन्शन जोडलीय, एवढंच समज.” त्याला मी उत्तर देऊ शकले नाही. अजूनही नाही. वारसा हक्क काढा म्हणणं त्याच्या आईवडिलांना रस्त्यावर काढणं आहे. तो आहे तसा राहू दे म्हणणं त्याच्या मुलाच्याही हाती झाडू देणं आहे. आता तर भरती कंत्राटावर चालते, कंत्राटात काम त्याच जातींकडे राहतं आणि खोली-पेन्शन दोन्ही जातात.

बाकीच्या आपल्याकडे झाडू नाही, पण सौदा तोच आहे. आपण आपल्या आईवडिलांची पेन्शन आहोत. त्यांनी बँकेत नाही ठेवलं, आपल्यात ठेवलं. बाबा फोनवर विचारतात, “अजून किती वर्षं गं?” रागाने नाही, हिशोब लावायला. गेल्या वर्षी माझी फेलोशिप सात महिने अडकली होती, तेव्हा त्यांनी डबल ड्युटी केली. ६० व्या वर्षी. मी पीएचडी करतेय वृद्धांच्या कामावर आणि त्या पीएचडीचा खर्च एका वृद्धाच्या डबल ड्युटीतून निघाला. हे मी प्रबंधात कुठल्या प्रकरणात लिहू?

या ओझ्याला राज्याने सुंदर नावं दिली आहेत. योजनेचं नावच बघा, श्रावणबाळ. आंधळ्या आईबापांना कावडीतून नेणारा मुलगा. पैसे राज्य देणार आणि नाव त्या मुलाचं, म्हणजे मुळात हे तुझंच काम होतं बाळा, आम्ही जरा हात लावतो. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदाही मुलांना जबाबदार धरतो, दरमहा १० हजारांपर्यंत. ज्या घरात मुलाकडे आहे आणि तो देत नाही, तिथं या कायद्याचा उपयोग आहे. ज्या घरात मुलगा स्वतः डिलिव्हरीच्या गाडीवर आहे, तिथं न्यायाधिकरणाने कुणाकडून वसूल करायचं?

बाबासाहेबांनी हे कुटुंबावर सोडलं नव्हतं. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात विमा सक्तीचा असावा, असा प्रस्ताव आहे. आपण त्या पुस्तिकेतली शेतीची चर्चा करतो, या कलमावरून पुढे जातो. संविधानात आलं ते कलम ४१, म्हातारपणी, आजारपणी सार्वजनिक मदत मिळण्याबद्दलचं. तेही मार्गदर्शक तत्त्वांत, ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी पाचर मारून. पण होऊ शकत नाही, असं कुणी म्हटलं तर त्याला माथाडी कायदा दाखवा. १९६९ सालचा, महाराष्ट्राचा. मालक रोज बदलतो, नोकरी कायम नाही, तरी हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळू लागली, कारण मंडळ नेमलं आणि मालाच्या मालकाकडून मजुरीवर टक्केवारी वसूल केली. पाठीवर पोतं वाहणाऱ्यासाठी जे झालं ते मोळी वाहणारीसाठी का नाही? बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने मागणी केली ती याच वाटेवरची: दारिद्र्यरेषेची अट न ठेवता, कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन. किमान वेतनाशी जोडली की ती आपोआप वाढते, २०० वर वर्षानुवर्षं गोठून बसत नाही.

ही मागणी आपण उचलत नाही, असं माझं मत आहे. आपल्या विद्यार्थी चळवळीत आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांवर आपण जीव तोडून लढतो, लढायलाच हवं. पण आईवडिलांचं म्हातारपण आपण ‘माझी नोकरी लागली की सुटेल’ या खात्यात टाकून दिलंय. ज्याची लागते तो एकटा चार म्हाताऱ्यांना सांभाळतो. ज्याची लागत नाही तो अपराधी वाटून गावी जाणं टाळतो. मीही टाळलंय.

जाता जाता एक कामाचं सांगते. या सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांच्या आधारवरचं वर्ष बघा. मग त्यांना विचारा, दुष्काळात, म्हणजे ७२ ला, तुमचं लग्न झालेलं होतं का? मोठं लेकरू किती होतं? दीक्षा आठवते का? बाबासाहेब गेले तेव्हा घरात काय झालं, कुणी सांगितलंय का? त्यावरून खरं वय निघतं. आधारवरची जन्मतारीख बदलायची मुभा साधारण एकदाच मिळते आणि त्यालाही कागद लागतो, म्हणून घाई करून चुकीची टाकू नका. महाराष्ट्रात या योजनांना वयाचा पुरावा म्हणून सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा दाखलाही चालतो, हे बऱ्याच ठिकाणी खिडकीवर सांगत नाहीत. अर्ज नाकारला तर तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. आमच्या त्या आजोबांचा अर्ज असाच तिसऱ्यांदा दिलाय. पोचपावती माझ्याकडे आहे, निकाल अजून नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. फक्त साडेआठच्या आत उरकू या. नऊला बाबांची ड्युटी सुरू होते, त्याआधी फोन करायचा असतो.